खोली, खानावळ, हुंडणावळ

अबुधाबी शहराच्या ईशान्येला पुलांनी जोडलेलं अल रीम नावाचं बेट आहे. वीस वर्षांपूर्वी तिथे बहुतेक वाळू आणि खारफुटी होती. आज तिथे पन्नास-साठ मजली मनोरे, मॉल, शाळा आहेत आणि त्या मनोऱ्यांमध्ये भाड्याने राहणारी बरीच भारतीय कुटुंबं आहेत, त्यांत मराठीही. याच बेटावर पॅरिसच्या सोरबॉनचं विद्यापीठ आहे. अबुधाबी सरकार आणि पॅरिस यांच्यात २००६ साली करार झाला, त्याच वर्षी वर्ग सुरू झाले आणि पुढे काही वर्षांत विद्यापीठ रीमवरच्या स्वतःच्या आवारात आलं. आवारातच मुला-मुलींची वसतिगृहं आहेत. पदवी मात्र पॅरिसची.

असं विद्यापीठ बघायला आलेल्या आई-वडिलांचे प्रश्न ठरलेले असतात. फी किती? हॉस्टेल मिळेल ना? जेवणाचं काय? आणि घरून पैसे यायचे असतील, तर दिरहम आज कितीला आहे? अभ्यासक्रमाबद्दल मुलगा किंवा मुलगी विचारते, हे चार प्रश्न मात्र घरचे विचारतात. त्यातला चौथा प्रश्न सर्वांत बेभरवशाचा. दिरहम डॉलरला बांधलेला आहे. १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ दिरहम हा भाव हललेला नाही. हलतो तो रुपया. २००७ च्या सुमारास अकरा रुपयांत मिळणारा दिरहम २०२४ मध्ये बावीस-तेवीस रुपयांवर गेला होता. फी दिरहममध्ये एक पैसाही वाढली नाही, तरी नाशिकहून पैसे पाठवणाऱ्याला ती दुप्पट पडते.

गंमत म्हणजे याच अबुधाबीत एकेकाळी रुपयाच चालत असे. आधी भारतातला नेहमीचा रुपया आणि १९५९ पासून रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा छापलेला ‘गल्फ रुपया’. जून १९६६ मध्ये भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं, डॉलर ४.७६ वरून साडेसात रुपयांवर गेला आणि अबुधाबीने रुपया सोडून बहरीनचा दिनार धरला. स्वतःचा दिरहम १९७३ मध्ये आला.

खोली, खानावळ आणि हुंडणावळ, म्हणजे चलनाचा विनिमय दर, हा विद्यार्थिजीवनाचा कणा आहे, हे विद्यापीठांना नीट कळलं ते पहिल्या महायुद्धानंतर. त्याआधी विद्यापीठ म्हणजे व्याख्यान, ग्रंथालय आणि परीक्षा. विद्यार्थी झोपतो कुठे, खातो काय, हे त्याचं तो बघून घेईल असा सर्वसाधारण समज होता. ऑक्सफर्ड-केंब्रिजसारखे अपवाद सोडले, तर युरोपातली मोठी शहरी विद्यापीठं याच समजावर चालत.

तटबंदी पाडून बांधलेल्या खोल्या

नोव्हेंबर १९१८ मध्ये तोफा थांबल्या आणि खंदकांतून सुटलेले तरुण वर्गात परतले. पहिल्या वर्षाच्या बाकावर पंचविशीचे बाप्ये बसू लागले. काहींना एक हात नव्हता, काहींची फुप्फुसं वायूने जळलेली होती. त्यांच्या शेजारी अठरा वर्षांचा मुलगा आणि पलीकडे युद्धकाळात संख्येने वाढलेल्या विद्यार्थिनी. त्यात आणखी एक भर पडली. फ्रान्समध्ये अडकलेल्या लाखो अमेरिकन सैनिकांना घरी न्यायला जहाजं पुरत नव्हती. रिकामे बसलेले सैनिक काय करतील याची धास्ती सेनाधिकाऱ्यांना होती. त्यांनी १९१९ च्या वसंतात बोन या गावी चक्क तात्पुरतं विद्यापीठ उघडलं आणि हजारो सैनिकांना सोरबॉनसह फ्रेंच विद्यापीठांत धाडलं. लष्करी गणवेशातले विद्यार्थी सोरबॉनच्या सभागृहात बसून व्याख्यानं ऐकत होते.

राहायला जागा मात्र कुणालाच नव्हती. युद्धाच्या चार वर्षांत घरबांधणी ठप्प झालेली. लॅटिन क्वार्टरमधल्या स्वस्त हॉटेलांच्या कोंदट खोल्यांमध्ये विद्यार्थी राहत आणि क्षयाची भीती सगळ्यांच्याच मनात असे. पॅरिस विद्यापीठाचे रेक्टर पॉल आपेल यांना एक गोष्ट दिसत होती. अशा खोल्यांत राहणाऱ्या पोराला कितीही उत्तम व्याख्यान दिलं, तरी ते वाया जाणार.

तोडगा निघाला तो युद्धातूनच. पॅरिसभोवती १८४० च्या दशकात बांधलेली तटबंदी होती. लांब पल्ल्याच्या तोफांपुढे ती निरुपयोगी ठरली होती, म्हणून एप्रिल १९१९ च्या कायद्याने ती पाडायचं ठरलं. शहराला एकाएकी मोकळी जमीन मिळाली. पेट्रोलच्या धंद्यात पैसा कमावलेले एमिल दॉइच द ला मर्त यांनी एक कोटी फ्रँक देऊ केले. शिक्षणमंत्री आंद्रे ओनोरा यांनी त्याला मोठ्या कल्पनेची जोड दिली. नुसतं फ्रेंच मुलांचं वसतिगृह बांधायचं नाही, तर देशोदेशींच्या विद्यार्थ्यांची वसाहत करायची. एका जेवणघरात बसलेली पोरं उद्या एकमेकांवर बंदूक रोखायला जरा तरी कचरतील, असा त्यामागचा हिशेब होता. १९२५ साली पहिली इमारत उघडली, तेव्हा दॉइच हयात नव्हते. पण विटांच्या त्या टुमदार घरांत सुमारे साडेतीनशे विद्यार्थी माफक भाड्यात राहायला आले. हीच ‘सिते युनिव्हर्सितेर’.

पुढे तिथे एकेका देशाने आपापलं घर बांधलं. कॅनडाचं १९२६ मध्ये झालं. स्वित्झर्लंडचं घर ल कोर्ब्युझिए यांनी १९३३ मध्ये उभं केलं. ओनोरांचा हिशेब फसला हे खरं. १९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या आणि त्याच वसाहतीत सैनिक राहू लागले. पण दुसरं युद्ध संपल्यावर ती मोडीत काढली नाही. १९५० च्या दशकात तिथे जर्मनीचं घर उभं राहिलं आणि साठच्या दशकात भारताचंही. आज दरवर्षी बारा हजारांच्या आसपास लोक तिथे राहून जातात. रीमवरच्या सोरबॉनमध्ये आवारातच खोली देणं ही गोष्ट आता विशेष वाटत नाही. पॅरिसला ती शिकायला एक महायुद्ध लागलं.

दहा पौंडांचे सव्वासहा

याच काळात एक मराठी विद्यार्थी लंडनमध्ये अर्धपोटी अभ्यास करत होता. भीमराव रामजी आंबेडकर. त्यांच्या शिक्षणावर महायुद्धाचे वळ अगदी ठसठशीत आहेत. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आले ते ऐन युद्धात. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ च्या उन्हाळ्यात अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. पुस्तकं वेगळ्या जहाजाने पाठवली होती. ते जहाज जर्मन पाणबुडीने बुडवलं. न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये पोटाला चिमटा घेऊन जमवलेला संग्रह समुद्रात गेला.

मुंबईला सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, पारशी मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये उसने दिले आणि १९२० च्या जुलैमध्ये ते पुन्हा निघाले. लंडन तेव्हा गजबजलेलं होतं. युद्धातून परतलेल्यांच्या उच्च शिक्षणासाठी ब्रिटिश सरकार अनुदान देत होतं आणि त्याचा लाभ हजारोंनी घेतला. स्कूलचे संचालक विल्यम बेव्हरिज होते. जागा पुरेना म्हणून हौटन स्ट्रीटवर नवी इमारत उठत होती, तिची कोनशिला राजाने १९२० मध्येच बसवली होती. सैन्यातून आलेल्या ब्रिटिश तरुणाला सरकारी अनुदानाचा आधार होता. आंबेडकरांना आधार होता तो मुंबईहून येणाऱ्या रुपयांचा.

रुपयाचं त्या दोन वर्षांत काय झालं ते बघण्यासारखं आहे. युद्धापूर्वी एका रुपयाला १ शिलिंग ४ पेन्स हा भाव वर्षानुवर्षं स्थिर होता. म्हणजे शंभर रुपयांचे साधारण ६ पौंड १३ शिलिंग. युद्धात चांदी कडाडली आणि तिच्याबरोबर रुपयाही चढला. १९२० च्या फेब्रुवारीत तो पावणेतीन शिलिंगांच्या वर गेला, शंभर रुपयांचे पावणेचौदा पौंड. सरकारने बॅबिंग्टन स्मिथ समितीच्या शिफारशीवरून २ शिलिंगांचा भाव जाहीर केला, म्हणजे शंभराला दहा पौंड. तो टिकवता आला नाही. रुपया घसरत गेला आणि १९२१ मध्ये १ शिलिंग ३ पेन्सच्या आसपास आला. शंभर रुपयांचे आता सव्वासहा पौंड.

मुंबईत प्राध्यापकी सोडताना ज्याने दोन शिलिंगांच्या भावाने वर्षाचा खर्च मांडला असेल, त्याच्या हाती लंडनमध्ये त्यातला पाच अष्टमांश भाग उरणार. खोलीभाडं मात्र पौंडात, फी पौंडात. १९२१ च्या सप्टेंबरात आंबेडकरांनी शाहू महाराजांना पत्र लिहून दोनशे पौंडांचं कर्ज मागितलं. या हिशेबाच्या उजेडात ती मागणी वाचली की विद्यार्थ्याची अडचण नीट कळते.

त्या काळातली त्यांची दिनचर्या चरित्रकारांनी नोंदवली आहे. घरमालकीणबाई सकाळी जेमतेम न्याहारी देत. तेवढ्यावर ते ब्रिटिश म्युझियमचं दार उघडताना हजर होत आणि बंद होईपर्यंत उठत नसत. दुपारचं जेवण बहुधा बुडालेलंच. रात्री भूक आवरेनाशी झाली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड पत्र्यावर भाजायचे आणि वर कपभर दूध. १९२१-२२ मध्ये ते ज्या १०, किंग हेन्रीज रोडवर राहिले, ते घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेतलं आणि आता तिथे स्मारक आहे.

अशा अवस्थेत त्यांनी डी.एस्सी.साठी विषय घेतला ‘रुपयाचा प्रश्न’. हुंडणावळीने कुणाचं फावतं आणि कोण मरतं, सरकारने रुपया कसा बांधावा, याचं कठोर विवेचन त्या प्रबंधात आहे. विषयाची निवड अर्थातच केवळ स्वतःच्या रिकाम्या खिशामुळे नव्हती. रुपयावरून सारं भारतीय राजकारणच तापलेलं होतं. ऑक्टोबर १९२२ मध्ये त्यांनी प्रबंध सादर केला. परीक्षकांनी सुधारणा सुचवल्या, तोवर पैसे संपत आले होते, म्हणून १९२३ च्या एप्रिलमध्ये ते मुंबईला परतले आणि सुधारित मसुदा इथून पाठवला. वर्षअखेरीस पदवी मिळाली आणि पुस्तकही निघालं, प्रा. एडविन कॅनन यांच्या प्रस्तावनेसह. १९२५-२६ मध्ये चलनविषयक हिल्टन यंग आयोग भारतात आला, तेव्हा त्याच्यासमोर साक्ष देणाऱ्यांत डॉ. आंबेडकर होते.

मार्क, खाण आणि कवट्या

१९२२ मध्ये आंबेडकरांनी जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातही नाव घातलं होतं. तिथला मुक्काम लांबला नाही. ऱ्हाइनकाठचं हे गाव तेव्हा फ्रेंच फौजेच्या ताब्यात होतं. ज्या देशात ते गेले, तिथे विद्यार्थ्याची दशा लंडनहून कितीतरी बिकट होती. १९१४ मध्ये डॉलरला ४.२ मार्क पडत. १९२२ च्या सुरुवातीला २०० च्या आसपास, त्या वर्षाच्या शेवटी सात हजारांवर आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये ४.२ लाख कोटी. पौंड किंवा डॉलर खिशात असलेला परदेशी विद्यार्थी बर्लिनमध्ये ऐटीत राहू शके. जर्मन प्राध्यापकाच्या मुलाला मात्र बापाची जन्माची पुंजी विकून आठवड्याची पावरोटीही मिळेना.

यातून जर्मन विद्यार्थ्यांनी स्वतःच मार्ग काढला. गावोगावच्या मदत समित्या १९२१ मध्ये एका छत्राखाली आल्या. त्यांनी स्वस्त जेवणघरं, म्हणजे ‘मेन्सा’, चालवली, कर्जाची सोय केली आणि कामं मिळवून दिली. सुट्टीत खाणीत किंवा कारखान्यात राबायचं आणि सत्रात शिकायचं. अशा विद्यार्थ्याला ‘वेर्कश्टुडेंट’ हे नाव पडलं. अंगमेहनत ही शिकलेल्याला कमीपणाची, हा तिथला जुना पांढरपेशा समज त्या काळात पार खिळखिळा झाला. आज जर्मनीत शिकणारी पुण्या-मुंबईची मुलं ज्या मेन्सात जेवतात आणि ज्या विद्यार्थी-सेवा संस्थेच्या खोलीत राहतात, ती व्यवस्था त्या मदत समित्यांमधून वाढली.

याच बर्लिनमध्ये १९२२ साली गंगाधर अधिकारी रसायनशास्त्र शिकायला आले. शार्लोटेनबुर्गच्या तांत्रिक विद्यापीठात माक्स फोल्मर यांच्याबरोबर त्यांनी स्फटिकाच्या पृष्ठभागावरून रेणू कसे सरकतात याचे प्रयोग केले. त्यावरचं दोघांच्या नावाचं संशोधन १९२६ मध्ये प्रसिद्ध झालं. प्रयोगशाळेबाहेरच्या बर्लिनने त्यांना वेगळाच धडा दिला. पैशाचा कागद होताना, कामगार रस्त्यावर उतरताना त्यांनी पाहिले आणि ते जर्मन कम्युनिस्ट पक्षात गेले. १९२८ च्या अखेरीस डॉक्टर होऊन ते परतले आणि तीन-चार महिन्यांतच मीरत कटाच्या खटल्यात पकडले गेले.

अधिकारी निघाले त्याच सुमारास इरावती कर्वे बर्लिनला पोचल्या. सासऱ्यांना, म्हणजे खुद्द धोंडो केशव कर्व्यांना, सुनेने इतक्या दूर जाणं पसंत नव्हतं. पती दिनकर कर्वे पाठीशी होते. पैसा उभा राहिला तो जीवराज मेहता यांच्याकडच्या कर्जातून. मार्क तोवर सावरला होता, पण हरलेल्या देशाच्या मनात वंशश्रेष्ठत्वाचं वेड शिरत होतं. इरावतीबाईंचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर त्याच विचाराचे. मानवी कवटीची डावी-उजवी बाजू सारखी नसते, तो फरक वंशावर अवलंबून आहे का, हे तपासण्याचं काम त्यांनी या मराठी विद्यार्थिनीला दिलं. तिने १४९ कवट्या मोजल्या आणि निष्कर्ष दिला की वंशाशी त्याचा संबंध नाही. प्रबंध मार्गदर्शकाच्या हातात, कर्ज डोक्यावर आणि घर सहा हजार कोसांवर असल्यासारखं दूर; अशा वेळी आकडे सांगतात तेच लिहायला धाडस लागतं.

कोल्हापूरने आधीच ओळखलेलं

आता एक गोष्ट आपल्या घरची. विद्यार्थ्याच्या पोटाची आणि पथारीची सोय हेच शिक्षणाचं निम्मं काम, हे कळायला महाराष्ट्राला महायुद्धाची गरज पडली नाही. इथे जात पुरेशी होती. खेड्यातून शहरात आलेल्या मुलाला कोण खोली देणार, कोणाच्या पंगतीला तो बसणार, हे प्रश्न प्रवेशअर्जाच्या आधी यायचे. राजर्षी शाहूंनी १९०१ पासून कोल्हापुरात एकेका समाजासाठी बोर्डिंगं उघडायला सुरुवात केली. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. ही सुरुवात पॅरिसची पहिली इमारत उघडण्याच्या जवळजवळ पाव शतक आधीची.

त्याच कोल्हापुरातून शिकून गेलेले भाऊराव पाटील १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढतात आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह सुरू करतात. मुलांनी स्वतः शेतात राबायचं, स्वयंपाक करायचा आणि शिकायचं. ‘कमवा आणि शिका’. जर्मनीचा वेर्कश्टुडेंट आणि साताऱ्याचा बोर्डर एकमेकांना ओळखत नव्हते, पण दोघांची कहाणी एकाच दशकातली. फरक इतकाच की जर्मन पोरावर ही वेळ चलन बुडाल्यामुळे आली, सातारच्या पोराकडे बुडायला मुळात काही नव्हतं.

बराकीतलं कॉलेज

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी जगाने पहिल्याचा धडा गिरवला. अमेरिकेने १९४४ मध्येच परतणाऱ्या सैनिकांच्या फीचा आणि राहण्याचा खर्च उचलणारा कायदा केला. त्याखाली बावीस लाखांच्या आसपास माजी सैनिक कॉलेजात गेले आणि १९४७ मध्ये तिथल्या कॉलेजांतला जवळजवळ दर दुसरा विद्यार्थी माजी सैनिक होता. ब्रिटनने पहिल्या युद्धानंतर, १९१९ मध्ये, विद्यापीठांना पैसा वाटणारी अनुदान समिती नेमली होती. तिच्याच धर्तीवर भारतात १९४५ मध्ये समिती आली, १९५३ मध्ये तिचा आयोग झाला, १९५६ मध्ये त्याला कायद्याचं बळ मिळालं आणि अध्यक्षपदी आले चिंतामणराव देशमुख. आपली यूजीसी ती हीच.

लंडनचा तो अर्धपोटी विद्यार्थी आता व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होता. जुलै १९४५ मध्ये डॉ. आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापली आणि पुढच्या जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. इमारत नव्हती. युद्धासाठी मरीन लाइन्सला उभारलेल्या लष्करी बराकी रिकाम्या पडल्या होत्या, त्यांतच वर्ग भरले. वेळही नेहमीची नव्हती. तास सकाळी लवकर ठेवले, म्हणजे तास आटोपून मुलाला कचेरी किंवा गिरणी गाठता येईल. फोर्टमधल्या स्वतःच्या इमारतींमध्ये कॉलेज नंतर गेलं.

सिद्धार्थचं वेळापत्रक ठरवणाऱ्या माणसाला विद्यार्थ्याचा दिवस ठाऊक होता, कारण तो दिवस त्याने लंडनमध्ये काढलेला होता. कोणतंही कॉलेज जोखायचं असेल तर तिथल्या प्राध्यापकांची यादी बघावीच. पण खानावळीचा दर, खोलीचं भाडं, तासांची वेळ आणि फी कोणत्या चलनात भरायची, हेही तितक्याच बारकाईने बघावं. तिथे कोणाला शिकवायचं ठरवलंय आणि कोणाला दारातूनच परत पाठवायचं, हे त्या चार आकड्यांत लिहिलेलं असतं.